रस्ता करून देणारा

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका बँकेच्या शाखेत मी १९८९ ते १९९४ अशी पाच वर्षे अधिकारी म्हणून काढली. त्या शाखेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन एक सुरक्षारक्षक उभे असत. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शाखेत सगळे त्यांना हवालदार म्हणूनच हाक मारत. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उच्चारले जात नसे. कल्याणहून रोज सव्वानऊच्या आत येत, कॅश व्हॅनची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. डाव्या हाताची दोन बोटे नव्हती. डोंबिवलीत एमआयडीसी असल्यामुळे प्रेस मशीनवर बोटे गेलेले कामगार आमच्या काउंटरवर नेहमी येत. त्यामुळे हवालदारांचेही तसेच काहीतरी झाले असेल असे आम्ही धरून चाललो होतो. विचारण्याचे कुणाला सुचले नाही.

१९९१च्या एप्रिलातली गोष्ट. वार्षिक ताळेबंदाची धांदल नुकतीच संपत आली होती, दोन ठिकाणचे आकडे जुळत नव्हते आणि शाखेत सगळ्यांची डोकी तापलेली होती. अशा वेळी हवालदार पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. तारीख ८ एप्रिल. आदल्या वर्षीही याच सुमारास त्यांनी पेढे दिल्याचे मला आठवले. मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हा ते हसले. वाढदिवस नाही, म्हणाले. आज राणेसाहेबांचा दिवस. कोण राणेसाहेब, असे मी विचारल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटले ते मला अजून आठवते. राग नव्हता तो. आपल्या साहेबाला परमवीरचक्राचे माणूस ठाऊक नाही, याचा संकोच त्यांनाच वाटला होता.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला जे सांगितले, आणि त्यानंतर मी जे शोधून वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. परमवीरचक्र मिळवणाऱ्या २१ जणांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ऐकूनसुद्धा माहीत नसतात. त्यातलेच एक मेजर रामा राघोबा राणे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया या गावी झाला. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, घरात कोकणी बोलणारी आणि मुंबईकडे डोळे लावून बसणारी माणसे, असा तो मुलूख. राण्यांचे वडील पोलीस खात्यात शिपाई होते. वडिलांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. १९३० साली गांधीजींच्या चळवळीचे वारे सुटले, तेव्हा बारा वर्षांचा रामाही त्याने भारला. सरकारी नोकरीत असलेल्या बापाला हे कसे परवडणार? त्यांनी कुटुंब परत चेंडियाला आणून ठेवले. त्या काळच्या असंख्य घरांत घडलेली ही गोष्ट आहे. पोरगा देशासाठी पेटलेला आणि बाप महिन्याच्या पगारासाठी धास्तावलेला. यात बापाला दोष द्यावा असे मला वाटत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४०च्या जुलैत, बाविसाव्या वर्षी राणे सैन्यात दाखल झाले. त्यांना जागा मिळाली ती पुण्याजवळ खडकीला, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये. आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो तीच ही पलटण. सॅपर म्हणजे सैन्यातला कारागीर. पूल बांधणे, रस्ता करणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे, माघार घेताना आपलाच पूल उडवून देणे, ही त्याची कामे. हाती बंदूक असते, पण त्याहून जास्त वेळ फावडे असते. प्रशिक्षणात राणे आपल्या तुकडीतले सर्वोत्तम रिक्रूट ठरले आणि कमांडंटची मानाची छडी त्यांना मिळाली. लौकरच ते नाईक झाले.

तिथून त्यांना ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाठवण्यात आले. जपानी सैन्याशी लढणाऱ्या २६व्या डिव्हिजनमध्ये त्यांची फील्ड कंपनी होती. आराकानमधून माघार घेण्याची वेळ आली, तेव्हा बुथिडाँग इथली महत्त्वाची ठिकाणे उडवून देण्यासाठी काही सॅपर्सना मागे ठेवण्यात आले, आणि त्यांत राणे होते. काम झाले की नौदलाचे जहाज येऊन घेऊन जाईल, असे ठरले होते. ते जमले नाही. आता जपान्यांचा पहारा असलेली नदी या मूठभर माणसांनी आपली आपणच ओलांडायची होती. ती त्यांनी ओलांडली आणि ते आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. राणे हवालदार झाले. सगळ्यांच्या मागून निघायचे आणि पुढचे आपले आपण बघायचे, हा सॅपरचा धर्म त्यांनी तिथे पहिल्यांदा पाळला.

देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, सैन्याचीही वाटणी झाली. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले. शिपायाचा मुलगा, शिपाई म्हणून भरती झालेला, एकोणतिसाव्या वर्षी अधिकारी झाला. त्याच्या बरोबरीचे सेकंड लेफ्टनंट वीस-बावीस वर्षांचे असत. बँकेत क्लार्कचा अधिकारी होताना मी स्वतः अनुभवले आहे. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांना आज काम सांगायचे, हे दिसते तेवढे सोपे नसते. राण्यांनी ते कसे निभावले याचे उत्तर चार महिन्यांतच मिळणार होते.

तेव्हा काश्मीरमध्ये युद्ध पेटलेले होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांच्या आडून पाकिस्तानने हल्ला चढवला होता. नोव्हेंबरात जम्मू भागातले राजौरी त्यांच्या हाती पडले आणि तिथे मोठी कत्तल झाली. पुढे झांगड हे मोक्याचे ठिकाणही गेले. १८ मार्च १९४८ला आपल्या सैन्याने झांगड परत घेतले, आणि पुढचे लक्ष्य ठरले राजौरी. तिथे अडकलेल्या माणसांसाठी एकेक दिवस मोलाचा होता. नौशेराहून राजौरीला जाणारा रस्ता डोंगरांतून वळत जाणारा. शत्रूने त्यावर सुरुंग पेरले होते, झाडे पाडून आडवी टाकली होती, मोऱ्या उडवल्या होते, आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन लावून ठेवल्या होत्या. राजौरीला रणगाडे न्यायचे तर आधी कुणीतरी हा रस्ता मोकळा करायला हवा होता. ते काम सेकंड लेफ्टनंट राण्यांच्या तुकडीकडे आले.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. जमिनीतला सुरुंग काढणे हे घाईचे काम नव्हे. माणूस पालथा पडतो आणि समोरची माती तिरक्या संगिनीने हळूहळू टोचत जातो. टोक सरळ खाली दाबले तर सुरुंगावरच दाब पडेल, म्हणून तिरके. टोकाला काही कठीण लागले की बोटांनी माती बाजूला करायची. खाली दुसरा सापळा तर लावलेला नाही ना हे चाचपायचे आणि मगच त्याला हात लावायचा. हे शांत मैदानात करतानासुद्धा हात कापतात. राण्यांना ते उखळी तोफांच्या माऱ्यात करायचे होते.

८ एप्रिल १९४८. सकाळी अकराचा सुमार. तुकडी रणगाड्यांजवळ कामाला सुरुवात करण्याच्या तयारीत होती, तेवढ्यात तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. दोन जवान जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. कामाला हात लागण्यापूर्वीच तुकडी मोडली होती. राण्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम सुरू केले. दिवसभर ते रणगाड्यांजवळ, गोळीबारात होते. दुपारी साडेचारच्या सुमारास आपल्या पायदळाने बरवाली रिज ही टेकडी घेतली. शत्रू अजून पुरता हटलेला नाही हे ठाऊक असूनही राणे माणसांना घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढू लागले. रात्री दहापर्यंत ते चालू होते, शत्रूच्या डोळ्यांदेखत.

९ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळणवाट तयार झाली आणि रणगाडे हलले. राणे सगळ्यांत पुढच्या कॅरियरमध्ये बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी टाकलेली. उतरले, सुरुंग लावून झाडे उडवली, पुन्हा चढले. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजता रस्ता डोंगराला सापासारखा वेढा घालत होता आणि पुढची मोरी उडवलेली होती. काम सुरू करायच्या आतच मशीनगन सुरू झाल्या. त्यातच बाजूने वाट काढली. सव्वासहाला उजेड जाऊ लागला, तेव्हा समोर पाइनचे पाच मोठे वृक्ष, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा पहारा. राणे तिथेही सुरुंग काढू लागले होते. पण तुकडीच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून रणगाड्यांना रात्रीपुरते सुरक्षित जागी थांबवले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते त्याच अडथळ्यापाशी हजर होते. साडेसहाला तो दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि उडवलेल्या बांधांची नुसती रांग. साडेदहापर्यंत तेही मोकळे झाले. आता रणगाडे मुख्य रस्ता सोडून नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. चिंगस म्हणजे काश्मीरच्या वाटेवरची जुनी मोगल सराई. राण्यांचे काम इथे संपले असे कुणीही म्हटले असते.

पण राणे थांबले नाहीत, आणि मला त्यांच्या चार दिवसांतला सगळ्यांत मोठा भाग हाच वाटतो. रणगाडे नदीच्या पात्रातून गेले, तसे मालमोटारी जाऊ शकत नव्हत्या. दाणागोटा, पेट्रोल, दारूगोळा, जखमींना आणणारी गाडी, हे सगळे रस्त्यानेच येणार होते. म्हणून राणे मागे राहिले आणि रस्ता करत राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, अंगावर तीन दिवसांची जखम, आणि रात्री नऊपर्यंत काम. ११ एप्रिलला सकाळी सहाला परत उभे. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता उघडला. तरी त्या रात्री दहापर्यंत ते पुढचा रस्ता साफ करतच होते. बँकेतली सवय म्हणून मी तासांची बेरीज करून पाहिली. चार दिवसांत पन्नासाहून जास्त तास भरतात. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, आपले सैन्य राजौरीत पोचले आणि तिथल्या माणसांची सुटका झाली.

स्वतंत्र भारताने आपली शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी जाहीर केली आणि ती १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरली. परमवीरचक्राचा आराखडा केला सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या मराठी सैनिकी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. आपल्या अस्थी वज्रासाठी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांच्या मनात होती, म्हणून पदकावर इंद्राचे वज्र आले. काश्मीरच्या या पहिल्या युद्धात पाच जणांना परमवीरचक्र मिळाले. त्यांपैकी ते पदक छातीवर लावून घ्यायला दोघेच जिवंत होते, शीख रेजिमेंटचे करमसिंग आणि आपले राणे. आजवरच्या एकवीसांपैकी चौदा पदके मरणोत्तर आहेत. दधीचीची कथा किती खरी ठरली, हे या आकड्यावरून कळावे.

पण दधीचीच्या कथेत पुढचा प्रश्नच येत नाही. अस्थी दिल्या, संपले. जो वाचतो त्याचे काय? एकोणतिसाव्या वर्षी आयुष्यातले सगळ्यांत मोठे काम करून झालेल्या माणसाने पुढची सेहेचाळीस वर्षे कशी जगायची?

राण्यांनी ती नोकरी करत, संसार करत जगली. १९५५ साली लग्न झाले, मुलेबाळे झाली. सैन्यात ते मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचले आणि निवृत्त होऊन पुण्यात राहिले. शिपाईपदापासून सुरुवात केलेल्या माणसाला मेजर होईपर्यंत निवृत्तीचे वय गाठतेच. त्या पदकाच्या जोरावर ते राजकारणात उतरले नाहीत, कुठल्या जाहिरातीत दिसले नाहीत. १९८४ साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. परमवीरांची नावे दिलेल्या जहाजांपैकी ते एक. म्हणजे खनिज तेल घेऊन त्यांचे नाव समुद्रावर फिरत होते आणि ते स्वतः पुण्यात होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

तो सोमवार होता. त्याच आठवड्यात हवालदारांनी माझ्यासमोर रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात घरातले माणूस गेल्याचे लिहिले होते. मी सही केली आणि चहाच्या वेळी कोण गेले म्हणून विचारले. तेव्हा कळले. हवालदारांनी राण्यांच्या हाताखाली कधी काम केले नव्हते. ते भरती झाले तेव्हा राणे फार वर पोचलेले होते. खडकीला कवायतीच्या मैदानावर त्यांनी राणेसाहेबांना एक-दोनदा लांबून पाहिले होते, एवढेच. पण खडकीत शिकणाऱ्या प्रत्येक पोराला त्या चार दिवसांचा रस्ता मैलामैलाने सांगितला जात असे. १९७१च्या लढाईनंतर पश्चिम सीमेवर शेतांतले सुरुंग काढताना हवालदारांची दोन बोटे गेली, तेव्हा आपल्याला आधी तोच रस्ता आठवला, असे ते त्या दिवशी सहज बोलून गेले. पाच वर्षांत आम्हाला बोटांची हकीकत कळली ती अशी. त्यातही ते शेतकऱ्यांविषयीच जास्त बोलले. लढाई संपली तरी शेतात सुरुंग, मग पेरणी कशी करायची, याची त्यांना तेव्हा काळजी होती.

आपला ठाणे-कल्याणचा पट्टा सैनिकांना नवखा नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्याचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला. आणि निवृत्त झालेले जवान खोली परवडते म्हणून कल्याण, बदलापूर, टिटवाळ्याला येऊन राहिले. पंधरा वर्षे नोकरी झाली की जवानाला पेन्शन बसते, पण तेव्हा त्याचे वय जेमतेम पस्तीस-चाळीस असते. मुले शाळेत, गावाकडे आईबाप, आणि पेन्शन घर चालवायला अपुरी. मग तो बँकेच्या, सोसायटीच्या, कारखान्याच्या दारात उभा राहतो. ज्याने पन्नास माणसे हाताखाली वागवली, तो आपल्या मुलाच्या वयाच्या साहेबाला सलाम करतो. त्याच हुद्द्यावरून, तेवढ्याच सेवेनंतर, पण उशिरा निवृत्त झालेल्याला जास्त पेन्शन आणि आधी निवृत्त झालेल्याला कमी, ही तक्रार या माणसांनी अनेक दशके केली. २०१५च्या जूनपासून म्हातारे सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले, तेव्हा ५ सप्टेंबर २०१५ रोजी एक पद, एक निवृत्तिवेतन ही योजना जाहीर झाली. देशाशी भांडायची सवय नसलेल्या माणसांना रस्त्यावर बसावे लागले. त्यांना ते किती जड गेले असेल!

हे मी बाहेरचा म्हणून लिहू शकत नाही. एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि या लेखाचे खरे कारण तीच आहे.

२००६ साली हवालदार वारले. मी तेव्हा कल्याणच्या एका शाखेत होतो आणि त्यांची पेन्शन त्याच शाखेतून निघत असे. महिनाभराने त्यांची पत्नी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आली. कागद पाहिले तर पेन्शनच्या हुकमात तिचे माहेरचे नाव होते आणि बाकी सगळीकडे सासरचे. आपल्याकडे हजारो बायकांच्या बाबतीत असते तसे. मी तिला सांगितले की खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसातून नाव दुरुस्त करून आणावे लागेल. नियमाने ते बरोबर होते. पण कोणते कागद लागतील याची यादी मी घाईघाईत तोंडी सांगितली आणि ती अपुरी होती. ती कल्याणहून गाडीने खडकीला गेली, परत आली. मी दुसरा कागद सांगितला. ती पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी माझ्यापुढे गर्दी होती, म्हणून मी तिला पुढच्या आठवड्यात या म्हटले. तिने मान हलवली आणि गेली. एकदाही तिने सांगितले नाही की आपला नवरा तुमच्याच हाताखाली पाच वर्षे दारात उभा होता. मला ते माहीत नव्हते असे नाही. माहीत होते. पण नियम हातात असला की माणूस समोरच्याकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघतो.

असे अकरा महिने गेले. एका संध्याकाळी ड्रॉवर आवरताना तिचे कागद हाती लागले. वर मी माझ्याच अक्षरात तारीख घातली होती, ८ एप्रिल. तेव्हा जे व्हायचे ते झाले. राणे नावाच्या माणसाने दुसऱ्यांच्या वाटेतला एकेक अडथळा पोटावर सरपटत जाऊन काढला होता. आणि मी पंख्याखाली खुर्चीत बसून एका बाईच्या वाटेत एकेक अडथळा टाकत होतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सगळी कागदपत्रे तयार केली, रेकॉर्ड ऑफिसला बँकेतर्फे पत्र लिहिले, फोन केले, पाठपुरावा केला. काही आठवड्यांत नाव दुरुस्त झाले आणि थकबाकीसह पेन्शन सुरू झाली. जे काम पहिल्या दिवशी करता आले असते त्याला मी अकरा महिने घेतले होते. ती आभार मानायला आली, तेव्हा माझी मान वर होत नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी एकदा ठाण्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेसने कारवारला गेलो. समुद्राकाठी, रवींद्रनाथ टागोरांच्या नावाच्या किनाऱ्यावर, चपळ या युद्धनौकेचे संग्रहालय आहे. तिथेच राण्यांचा पुतळा आहे, २००६ साली उभारलेला. नेमके ते साल वाचून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. पर्यटक युद्धनौकेवर चढून फोटो काढत होते. पुतळ्यापाशी थांबणारे थोडे. मग मी रिक्षाने चेंडियालाही जाऊन आलो. नारळी, लाल माती, मागे डोंगर, आपल्या कोकणातल्या कुठल्याही गावासारखे गाव. २०२३च्या जानेवारीत अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत आता एक बेट राण्यांचेही आहे. जहाज झाले, पुतळा झाला, बेट झाले. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण राण्यांनी जे केले त्याची परतफेड बेटाने होत नाही. ती, जमलीच तर, त्यांनी केले तसले काम आपापल्या जागी केल्याने होईल.

म्हणून गेली काही वर्षे मी नोव्हेंबर महिन्यात माझ्या घराजवळच्या शाखेत सकाळी दोन तास जाऊन बसतो. हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर येतात. २०१४पासून तो यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. पण आयुष्यभर फावडे, बंदूक किंवा केरसुणी धरलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. मग कागदी फॉर्म भरावा लागतो. तो मी भरून देतो. कोणते कागद लागतील ते मोठ्या अक्षरात लिहून देतो, एकाच वेळी, सगळे. मोठे काम नाही ते. मागच्या नोव्हेंबरात हवालदारांची पत्नी नातवाचा हात धरून आली होती. मी फॉर्म पुढे केला. तिने पेन घेतले आणि हुकमात आता आहे तसे आपले पूर्ण नाव, एकेक अक्षर जपून, सावकाश लिहिले. मागे रांग होती. मी कुणालाही घाई करू दिली नाही.